विज्ञानपटाची पहिली दहा मिनिटे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरबसल्या चित्रपट पाहण्याच्या बदलत्या सवयींवरचा जो लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, पण त्यातल्या एका विधानाशी मी सहमत होऊ शकत नाही. विज्ञानपटांची सुरुवात बहुधा संथ असते, तिच्यात फारसे काही घडत नाही, म्हणून पुष्कळ प्रेक्षक पहिली दहा-पंधरा मिनिटे पुढे सरकवून थेट मूळ कथेपाशी जातात आणि त्यांचे त्यावाचून काही अडत नाही, असे लेखकाने म्हटले आहे. दादरच्या एका मराठी शाळेत मी 31 वर्षे विज्ञान शिकवले. त्यांतली बरीच वर्षे शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीच्या मुलांना प्रयोगशाळेत बसवून मी विज्ञानपटांचे केवळ प्रारंभ दाखवत असे, आणि मग पडदा थांबवून त्यांना मनात आलेले प्रश्न वहीत लिहायला सांगत असे. त्या अनुभवाच्या बळावर मला असे सांगावेसे वाटते की, जी मिनिटे वगळली तरी चालतात असे लेखकाला वाटते, त्याच मिनिटांत पुढच्या सगळ्या भीतीचा आणि उत्कंठेचा पाया घातला जातो, आणि ती वगळणाऱ्याला पुढे काय घडले हे कळते, परंतु त्यात घाबरण्यासारखे काय होते हे कळत नाही.

साधी रहस्यकथा आणि विज्ञानपट यांच्यातला एक फरक इथे ध्यानात घ्यायला हवा. गिरगावातल्या एखाद्या चाळीत पहाटे दूधवाला येतो, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीचे दार सताड उघडे असते, आत दिवा जळत असतो आणि घरात कोणी नसते, एवढे लिहिले की वाचक सावरून बसतो. त्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही, कारण पहाटेच्या चाळीत काय असते आणि काय नसते हे त्याला आधीपासून ठाऊक असते. विज्ञानपटाच्या दिग्दर्शकाला ही सोय नसते. अंतराळयानातले एक दार आपोआप उघडले, तर प्रेक्षकाने दचकायचे की नाही? कदाचित तिथली सगळीच दारे आपोआप उघडत असतील. भिंतीवर तांबडा दिवा लुकलुकू लागला, तर तो धोक्याचा इशारा आहे की जेवणाची वेळ झाल्याची खूण? ज्या जगात प्रेक्षक पूर्वी कधी गेलेला नाही, त्या जगात नेहमीचे काय हे त्याला आधी शिकवावे लागते, आणि ते त्याच्या अंगवळणी पडल्यावरच त्यात झालेला बारीकसा बदल त्याला जाणवतो. हे शिकवण्याला वेळ लागतो. विज्ञानपटाची सुरुवात संथ वाटते ती यामुळे. कथालेखकाला हेच काम एका वाक्यात उरकता येते, कारण त्याच्या हाताशी निवेदक असतो. चित्रपटाला मात्र खोली दाखवावी लागते, माणसे वावरताना दाखवावी लागतात आणि त्यांचा कंटाळासुद्धा दाखवावा लागतो.

1979 साली प्रदर्शित झालेल्या रिडले स्कॉट यांच्या 'एलियन'चा प्रारंभ मी मुलांना वर्षानुवर्षे दाखवला. पुढचा चित्रपट त्या वयाच्या मुलांसाठी नव्हता, म्हणून तेवढाच भाग. काळ्या अवकाशात एक ग्रह हळूहळू सरकत असतो आणि वरच्या बाजूला चित्रपटाचे नाव उमटू लागते, पण ते अक्षरे म्हणून उमटत नाही. आधी सुट्या रेघा दिसतात, मग त्यांना आणखी रेघा येऊन मिळतात, आणि बराच वेळ त्या रेघांचा अर्थ लागत नाही. वर्गातली मुले प्रत्येक खेपेला नकळत पुढे झुकून शब्द जुळवू पाहत, म्हणजे एकही माणूस पडद्यावर येण्याआधीच ती एका अपुऱ्या गोष्टीच्या मागे लागलेली असत. त्यानंतर यानाची माहिती येते, तीही मालगाडीच्या बिल्टीसारखी कोरडी: हे व्यापारी ओढयान आहे, त्यावर सात कर्मचारी आहेत, दोन कोटी टन खनिज घेऊन ते पृथ्वीकडे परत निघाले आहे. या कोरडेपणाचा मोठा उपयोग आहे. साहसाला निघालेल्या वीरांविषयी आपण पहिल्यापासून सावध असतो, परंतु पाळी संपवून घरी निघालेल्या कामगारांवर काही संकट येईल असे आपल्या मनात येत नाही.

मग कॅमेरा रिकाम्या यानातून फिरू लागतो. अरुंद बोळ दिसतात, सामायिक जेवणाचे टेबल दिसते, त्या टेबलावर मान खाली-वर करत डोलणारा खेळण्यातला पक्षी दिसतो. संगणकाचे पडदे आपोआप उजळतात आणि त्यांचा उजेड एका रिकाम्या शिरस्त्राणाच्या काचेवर पडतो. कित्येक मिनिटे कोणी एक शब्द बोलत नाही. तो डोलणारा पक्षी विज्ञानाच्या शिक्षकांना चांगला परिचयाचा आहे. त्याच्या ओल्या डोक्यावरचे पाणी वाफ होऊन उडते, त्यामुळे डोके थंड होते, आतली वाफ आकसते, पोटातला द्रव नळीतून वर चढतो आणि पक्षी पुढे कलतो. एका वर्षी नववीतल्या एका मुलीने वहीत लिहिले होते, "सगळे झोपले आहेत, तर या पक्ष्याची चोच कोण ओली ठेवतं?" दिग्दर्शकाच्या मनात हा प्रश्न होता की नाही हे महत्त्वाचे नाही. त्या दृश्याने एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला असे टक लावून पाहायला लावले की, माणसे नसलेल्या खोलीत माणसांच्या खुणा शोधण्याचे काम ती स्वतःहून करू लागली. दुसऱ्या एका मुलाचा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करून गेला. सगळे झोपलेले असताना हे सर्व जो पाहतो आहे तो कोण, असे त्याने विचारले होते. कॅमेऱ्याची ती संथ, कुठलीही घाई नसलेली फिरती नजर कोणाची आहे हे चित्रपट सांगत नाही, आणि ही नजर तिथे आधीपासून होती ही जाणीव पुढे मनातून जात नाही.

त्यानंतर झोपेच्या पेट्या उघडतात, माणसे उठतात, एकत्र न्याहारी करतात, विडीकाडी ओढतात, आणि बोनसमधल्या आपल्या वाट्यावरून कुरकुर करतात. आमच्या गिरणगावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना दिवाळीच्या तोंडावरची ही कुरकुर ओळखीची वाटेल. दूरच्या अंतराळातली ती माणसे त्या एका बोलण्याने आपल्या शेजारची होतात. आता नेहमीचे काय हे आपल्याला कळलेले असते: काम संपले आहे, पैशांवरून थोडी नाराजी आहे, सगळे घरी चालले आहेत. आणि नेमक्या याच ठिकाणी ते मोडते. बाहेर पाहिल्यावर लक्षात येते की ही आपली सूर्यमाला नव्हे, प्रवास जेमतेम निम्मा झाला आहे, आणि यानाच्या संगणकाने त्यांना मध्येच जागे केले आहे, कारण त्याला कुठून तरी एक अनोळखी संदेश ऐकू आला आहे. यात कोणी किंचाळत नाही की काही फुटत नाही. तरीसुद्धा माझ्या वर्गात दर वर्षी या ठिकाणी सगळे एकदम गप्प होत असत. जो प्रेक्षक पहिली दहा मिनिटे सरकवून थेट इथे येतो, त्याच्या दृष्टीने एक यान कुठेतरी आहे आणि त्याला संदेश आला आहे, एवढीच ती बातमी असते. घरी पोचण्याची आशा त्याच्या मनात कधी रुजलेलीच नसते, मग ती तुटल्याचे दुःख त्याला कसे होणार?

रहस्य आणि उत्कंठा हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांच्यातला भेद सांभाळला तर पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी तो टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावला होता. दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारत आहेत आणि एकाएकी स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवले आणि त्या दोघांना ते ठाऊक नसले, तर त्याच गप्पा प्रेक्षक पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. रहस्यात प्रेक्षकाला पात्रांपेक्षा कमी किंवा त्यांच्याइतकेच ठाऊक असते, उत्कंठेत त्याला अधिक ठाऊक असते. विज्ञानपटाच्या उत्तम प्रारंभात ही दोन्ही एकाच वेळी नांदतात, आणि ती कशी नांदतात याचे मला सर्वांत विलक्षण वाटलेले उदाहरण जॉन कारपेंटर यांच्या 1982 सालच्या 'द थिंग'मध्ये आहे.

शीर्षक येण्याआधी अवकाशातून एक यान पृथ्वीकडे येताना क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. त्यानंतर अंटार्क्टिकाचा पांढराशुभ्र हिवाळा, त्यात जीव घेऊन पळणारा एक कुत्रा आणि हेलिकॉप्टरमधून त्याच्यावर गोळ्या झाडणारा माणूस. आपले मन ताबडतोब कुत्र्याची बाजू घेते. वर्गातली मुले तर त्या माणसाला मोठ्याने रागावत असत. अमेरिकी संशोधकांच्या तळापाशी हेलिकॉप्टर उतरते आणि तो माणूस हातवारे करून, ओरडून काहीतरी सांगतो. तो नॉर्वेचा आहे, नॉर्वेच्या भाषेत बोलतो आहे, आणि खाली त्याचा अनुवाद दिलेला नाही. तो काय म्हणतो हे मी इथे लिहीत नाही, कारण ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. इतकेच सांगते की चित्रपटाने काहीही लपवलेले नसते. जे सांगायचे ते पहिल्या काही मिनिटांतच खणखणीत आवाजात सांगितलेले असते, फक्त ते ऐकणाऱ्यांना कळत नाही, पडद्यावरच्या संशोधकांना नाही आणि आपल्यालाही नाही. एका विद्यार्थ्याने त्या दिवशी विचारले, "बाई, मग नॉर्वेतली माणसं हा पिक्चर कसा बघत असतील?" या प्रश्नापुढे मला त्या तासाला आणखी काही शिकवायचे उरले नाही. आपल्यासाठी जे रहस्य आहे, तेच नॉर्वेच्या प्रेक्षकासाठी टेबलाखालचा बॉम्ब आहे; एकाच दृश्यात, एकाच वाक्याने, ऐकणाऱ्याच्या भाषेप्रमाणे दोन निरनिराळे चित्रपट सुरू होतात.

भाषेचा असाच उपयोग स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 1977 सालच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'च्या आरंभीही आहे. आधी पूर्ण काळोख, त्यात संगीताचा चढत जाणारा एकच सूर, तो टिपेला पोचताच पडदाभर पांढरा उजेड, आणि त्या उजेडातून हळूहळू उमगणारे मेक्सिकोच्या वाळवंटातले धुळीचे वादळ. त्या वादळात काही विमाने उभी आहेत. डिसेंबर 1945 मध्ये अमेरिकी नौदलाची पाच विमाने सरावाच्या उड्डाणात खरोखरच बेपत्ता झाली होती. चित्रपटात तीच विमाने तीन दशकांनंतर जशीच्या तशी सापडतात, त्यांची इंजिनेसुद्धा सुरू होतात, पण वैमानिकांचा पत्ता नाही. एक म्हातारा तिथे बसलेला आहे, त्याचा चेहरा उन्हाने भाजल्यासारखा दिसतो, आणि रात्री सूर्य उगवला होता, तो आपल्यासाठी गायला, असे तो सांगतो. म्हातारा बोलतो स्पॅनिश, चौकशी करणारा शास्त्रज्ञ फ्रेंच, आणि मधल्या दुभाष्याला वादळाच्या घोंघावण्यातून ओरडून बोलावे लागते. प्रत्येक वाक्य आपल्यापर्यंत वळसा घालून येते, आणि त्या वळशात आपण अडकून राहतो. त्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे काम फ्रान्स्वा त्र्युफो यांनी केले आहे. हिचकॉक यांच्या 1962 सालच्या ज्या मुलाखतींमुळे तो बॉम्बचा दाखला सर्वतोमुखी झाला, त्या मुलाखती घेणारे दिग्दर्शक तेच. हा योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना कदाचित माहीत नसेल की, याच चित्रपटातला भारतातला प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ या गावी चित्रित झालेला आहे, जरी पडद्यावर ते ठिकाण उत्तर भारतातले म्हणून सांगितले असले तरी. तो प्रसंग प्रारंभीचा नाही, परंतु त्यातली युक्ती प्रारंभीच्या प्रसंगांचीच आहे. हजारो माणसे पाच सुरांचा एक जप करत असतात. हे सूर तुम्हाला कुठून ऐकू आले असे विचारताच सगळ्यांची बोटे एकाच वेळी आकाशाकडे उंचावतात, आणि आकाशात काय आहे ते कॅमेरा दाखवत नाही. द्रुतगती मार्गाने पुण्याला जाताना खालापूरच्या टोलनाक्यावर गाडी थांबली की मला ती उंचावलेली बोटे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

वस्तू न दाखवता ती पाहणाऱ्यांचे चेहरे दाखवण्याची ही रीत अलीकडे, 2016 सालच्या 'अरायव्हल'मध्ये फार संयमाने वापरलेली आहे. भाषाशास्त्राची प्राध्यापिका वर्गात येते, तर वर्ग जवळपास रिकामा. ती तरीही शिकवायला सुरुवात करते. एकामागून एक विद्यार्थ्यांचे फोन वाजू लागतात, आणि अखेर एक विद्यार्थिनी तिला बातम्या लावायची विनंती करते. दूरचित्रवाणी सुरू होते, निवेदकाचा आवाज ऐकू येतो, परंतु कॅमेरा पडद्याकडे न वळता त्या बाईंच्या आणि मुलांच्या चेहऱ्यांवर खिळून राहतो. जगाच्या इतिहासातली सर्वांत मोठी बातमी आपण दुसऱ्यांच्या डोळ्यांत वाचतो. शिक्षिका म्हणून मला हे दृश्य पाहताना प्रत्येक वेळी गलबलून येते, कारण शिकवता शिकवता वर्गाचे लक्ष उडाले आहे आणि त्याला काही सबळ कारण आहे, हे ओळखण्याचा क्षण मी पुष्कळदा अनुभवलेला आहे. याच चित्रपटात या वर्गाच्या आधी आई आणि मुलीची काही दृश्ये येतात. त्यांविषयी मी मुद्दाम काही लिहीत नाही, एवढेच म्हणते की ती सरकवून पुढे गेलेल्या माणसाने हा चित्रपट पाहिलेलाच नाही.

आता तक्रारीकडे वळते. काही महिन्यांपूर्वी उपनगरातल्या एका बहुपडदा चित्रपटगृहात मी एक नवा विज्ञानपट पाहायला गेले होते. त्याची सुरुवात संपूर्ण काळ्या पडद्याने आणि दूरवरून येणाऱ्या एका मंद घरघरीने होत होती. पहिल्या अर्ध्या मिनिटातच मागच्या रांगेतून पडदा सुरू करा अशी ओरड झाली. त्यानंतर दहा मिनिटे सभागृहातले दिवे अर्धवट तेवत राहिले, कारण खाद्यपदार्थांच्या थाळ्या जागेवर पोचवायच्या होत्या. विजेरीचे झोत पडद्यावरून फिरत होते, आणि त्या घरघरीत दिग्दर्शकाने काय दडवले होते हे मला आजतागायत कळलेले नाही. व्यवस्थापकांना मी नम्रपणे विचारले, तेव्हा सुरुवातीला तसे काही नसते असेच उत्तर मिळाले. आपल्या पुरवणीतल्या लेखातही नेमके हेच मत आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच.

पूर्वी उशिरा येणाऱ्यांचे एवढे नुकसान होत नसे. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट आणि माहितीपट दाखवणे सक्तीचे होते, त्यामुळे माणसे ठेचकाळत येऊन बसेपर्यंत तेवढाच भाग निघून जात असे. आता जाहिराती असतात, पण त्या किती वेळ चालतील हे कोणी सांगत नाही, आणि माणसे त्या टाळण्यासाठी अंदाजाने उशिरा येतात. '2001 : अ स्पेस ओडिसी' हा 1968 सालचा चित्रपट तर काळ्या पडद्यावरच्या संगीतानेच सुरू होतो आणि सुमारे 25 मिनिटे त्यात एकही संवाद नाही. असा चित्रपट आज आपल्या एखाद्या चित्रपटगृहात लागला, तर त्यातला पहिला संवाद ऐकू येईपर्यंत त्याचा किती भाग प्रेक्षकांपर्यंत पोचेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

विज्ञानपटासाठी अफाट पैसा लागतो आणि म्हणून मराठीत तो होणे नाही, असे सर्रास ऐकू येते. विज्ञानकथेची परंपरा मराठीत निश्चितच आहे. मराठी विज्ञान परिषद 1966 सालापासून मुंबईत काम करते आहे, आणि डॉ. जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा 1974 साली परिषदेच्याच स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव होते. चित्रपट मात्र या परंपरेच्या मागे राहिला. वर दिलेल्या उदाहरणांकडे पुन्हा पाहिले तर लक्षात येईल की, त्यांतल्या सर्वांत परिणामकारक जागांना फार खर्च आलेला नाही. डोलणाऱ्या पक्ष्याला किंवा न समजलेल्या वाक्याला किती पैसा लागतो? शिवाय मुंबईत कथा घडवणाऱ्या मराठी दिग्दर्शकाला एक मोठी सवलत आहे: नेहमीचे काय ते आपल्या प्रेक्षकाला आधीच पाठ असते.

माझ्या मनात बरीच वर्षे एक प्रारंभ घोळतो आहे, तो इथे मांडण्याची परवानगी द्यावी. कोजागरीचा दिवस. सकाळी कोणीतरी वर्तमानपत्र उघडते, त्यात नेहमीच्या जागी भरतीची वेळ छापलेली आहे: दुपारी बारा वाजून काही मिनिटे, उंची 4 मीटरहून अधिक. वरळी कोळीवाड्यात एक म्हातारी धक्क्याच्या पायऱ्यांवर जाळे दुरुस्त करत बसली आहे. तिला वर्तमानपत्राची गरज नाही, ती तिथीवरून भरती सांगते. आज पुनव, म्हणजे उधाण, म्हणजे पाणी वरच्या शेवाळलेल्या पायरीपर्यंत यायचे. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी कमी चढते, हे सगळे ती नातवाला काम करता करता सांगते, आणि तेवढ्या बोलण्यातून चित्रपटाने आपल्याला त्या जगाचा नियम शिकवलेला असतो. दुपार होते. पाणी येते. सावकाश, रोजच्यासारखे येते, पण शेवाळाच्या रेघेच्या पुष्कळ खाली येऊन थांबते. म्हातारी जाळे बाजूला ठेवते आणि पायरीकडे पाहत राहते. नातू विचारतो, काय झाले, आजी? ती उत्तर देत नाही.

विज्ञान न शिकलेल्या प्रेक्षकाला एवढे कळेल की काहीतरी चुकले आहे, आणि त्याच्यापुरते ते रहस्य असेल. परंतु ज्याला ठाऊक आहे की समुद्राला चंद्र ओढतो तसाच सूर्यही ओढतो, आणि सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही थोडी कमी असते, तो प्रेक्षक त्या थांबलेल्या पाण्याकडे पाहून खुर्चीतच ताठ होईल. तो आमच्या त्या नॉर्वेच्या प्रेक्षकासारखा असेल. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणजे या प्रेक्षकाला अजून सहा तास वाट पाहायची आहे, आणि या सहा तासांत पडद्यावर संकटाचे नावही नसेल: परळच्या गच्चीवर चटया अंथरल्या जातील, दूध आटवले जाईल, कोणी केशर कमी पडले म्हणून शेजारी मागायला जाईल, मुले भेंड्या खेळतील, आणि सगळ्यांचे चेहरे अधूनमधून पूर्वेकडे, चेंबूरच्या दिशेने वळत राहतील. त्यानंतर काय दिसते ते दाखवायचे की फक्त गच्चीवरचे चेहरे दाखवायचे, हे दिग्दर्शकाने ठरवावे. यात संगणकावर रचलेले एकही दृश्य नाही. दुपारचा कोळीवाडा, एक धक्का आणि एक गच्ची एवढ्यावर ही दहा मिनिटे उभी राहतात, फक्त ती पाहणाऱ्याने सरकवता कामा नयेत.

आपल्या दैनिकाला माझी दोन गोष्टींची विनंती आहे. विज्ञानपटांची परीक्षणे छापताना त्यांतली कथा पहिल्या प्रसंगांपुढे सांगू नये असा नियम आपण आपल्यापुरता तरी करावा; अलीकडे परीक्षणाच्या दुसऱ्याच परिच्छेदात रहस्य फोडलेले असते आणि ते वाचून चित्रपटाला गेलेल्या माणसाला धक्काही बसत नाही आणि उत्कंठाही वाटत नाही. आणि ज्याप्रमाणे आपण भरती-ओहोटीच्या वेळा रोज छापता, त्याप्रमाणे चित्रपटांच्या जाहिरातीपानावर खेळाच्या वेळेसोबत मुख्य चित्रपट प्रत्यक्षात किती वाजता सुरू होतो हेही छापता येईल का, याची चित्रपटगृहांकडे चौकशी करावी. तेवढे कळले तरी बरीच माणसे वेळेवर येऊन बसतील, असा माझा विश्वास आहे.

विद्यार्थ्यांच्या त्या प्रश्नवह्या मी आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतले निवडक प्रश्न पुरवणीत प्रसिद्ध करावेत असे आपल्याला वाटले, तर मुलांची नावे वगळून त्या मी आनंदाने आपल्या कार्यालयात आणून देईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
दादर, मुंबई